काढलेले पोचे

ठोक्याचं खरं नाव गॅरेजच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी तो ठोक्या. एक तर तो डेंटर; गाड्यांचे चेपलेले पत्रे दिवसभर ठोकून सरळ करायचा. दुसरं म्हणजे माणसंही ठोकायचा. एकदा एका ट्रक ड्रायव्हरने दुरुस्त केलेल्या दाराच्या फटीत बोट घालून दाखवलं आणि विचारलं, "ह्याला काम म्हणतात?" बोट फटीतच होतं. ठोक्याने दार लावलं. ड्रायव्हरची किंकाळी रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यानेसुद्धा ऐकली. ठोक्या म्हणाला, "कुठाय फट? बसलं ना दार बरोबर?" आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

मालकाने त्याला तीनदा हाकललं आणि तीनदा परत बोलावलं. करणार काय, त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. आणि त्याच्यासारखा कान तर नव्हताच. बाकीचे डेंटर पत्र्यावरून तळवा फिरवतात, उजेडात तिरपं बघतात. हा डोळे मिटायचा, डावा कान पत्र्याजवळ न्यायचा आणि बोटाच्या पेराने टकटक करत जायचा. आवाज बसका आला की तिथे पोचा शिल्लक आहे, मोकळा आला की झालं काम. गॅरेजमधला पेंटर म्हणायचा, "ठोक्याने हो म्हटलं की मी डोळे झाकून रंग मारतो."

हा कान त्याला बापाने दिला, असं तो सांगायचा. बापाला सगळे अप्पा म्हणत, तोही डेंटरच. ठोक्या नऊ वर्षांचा असल्यापासून अप्पा त्याच्या डोळ्यांवर तेलकट फडकं बांधायचा, पत्र्यावर टकटक करायचा आणि विचारायचा, पोचा कुठाय? बरोबर सांगितलं तर पुढचा पत्रा. चुकलं तर डाव्या कानावर थप्पड. डोळे बांधलेले असल्यामुळे थप्पड कधी येणार ते कळायचं नाही, त्यामुळे पोरगं सगळा वेळ मान आखडून उभं असायचं. अकराव्या वर्षी एक थप्पड अशी बसली की ते जाऊन बंपरवर आदळलं. कानातून रक्त आलं, मानेवरून शर्टात उतरलं. अप्पाने डोळ्यांवरच्या फडक्यानेच ते पुसलं आणि म्हणाला, "उघडला बघ तुझा कान." त्या दिवसापासून कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली ती पुढे कधी थांबली नाही.

कोणी शहाणा माणूस ह्यावर विश्वास ठेवेल का? ठोक्याने ठेवला. तीस वर्षं ठेवला. चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा, "एका थपडेत कान उघडला माझा." अप्पा मेला तेव्हा हा ढसाढसा रडला, आणि खांदा द्यायला आलेल्या चुलतभावाला घरी परतताना कशावरून तरी बदडून काढलं. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही.

बायकोवर त्याने एकदाच हात उचलला. एकदाच म्हणजे फार मोठा पराक्रम केल्यासारखं तो सांगायचा, पण त्या एकदात तिचं मनगट मोडलं होतं. ती मोठ्या लॉंड्रीत चादरी इस्त्री करायची. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ती बहिणीकडे निघून गेली. तीन महिने आली नाही. हा रोज जाऊन दारात उभा राहायचा. शेवटी ती बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्यावर उचललात तेवढं पुरे. मुंगीला एक बोट जरी लागलं तरी आपलं संपलं. मी एकदाच सांगते."

मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. बायको परत आली, आणि त्यानंतर पाच वर्षांत ठोक्याने मुंगीला एक बोट लावलं नाही. ह्याचा त्याला फार अभिमान होता. अप्पाला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं तो स्वतःशी म्हणायचा.

मग राग जायचा कुठे? राग जायचा पत्र्यात. मुंगीने दूध सांडलं, मुंगीने उलट उत्तर दिलं, मुंगी हाक मारल्यावर आली नाही, की ह्याच्या डोक्यात तिडीक जायची आणि मूठ जायची कपाटावर. लोखंडी कपाट ते, मुंगीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर धाडदिशी आवाज व्हायचा आणि दाराला वाटीएवढा पोचा यायचा. मुंगी जागच्या जागी थिजायची. पाच मिनिटांत ह्याचा राग उतरायचा, आणि आठला बायको येणार हे आठवायचं. मग पिशवीतून हातोडी आणि लोखंडी ठोकळा काढून, आतून ठोकळा धरून, बाहेरून टिचक्या मारल्यासारखं ठोकत तो पोचा असा काढायचा की रंगाला चरासुद्धा जायचा नाही. बायको यायची, पर्स कपाटात ठेवायची, दार लावायची. तिला काही दिसायचं नाही. ठोक्याला वाटायचं, दिसत नाही म्हणजे झालंच नाही.

मुंगीला त्याने टकटकीचा खेळही शिकवला होता. रविवारी तो तिला गॅरेजात न्यायचा आणि म्हणायचा, "मीट डोळे. सांग, पोचा कुठाय?" ती इवल्याशा पेराने टकटक करायची आणि बरोबर जागी थांबायची. चुकली तर तो हसायचा, म्हणायचा, "परत." थप्पड नाही, काही नाही. एकदा त्याने तिला सांगितलं, "एक लक्षात ठेव. ठोकून सरळ केलेला पत्रा दिसायला नव्यासारखा दिसतो, पण आवाज नव्यासारखा देत नाही. मार खाल्लेला असतो ना तो." पोरीने मान हलवली. आपण काय बोललो ह्याचा ठोक्याने पुन्हा विचार केला नाही.

मुंगी सात वर्षांची झाली त्या वर्षी शाळेत व्हायोलिन शिकवायला एक बाई आल्या. चाळीस मुलांना त्यांनी एकेक करून एक सूर ऐकवला आणि गुणगुणायला लावला, आणि सहा जणांना निवडलं. त्यात मुंगी. शाळेने तिला छोटं व्हायोलिन घरी न्यायला दिलं. बाईंनी पालकांना बोलावलं. बायकोची बारा ते साडेसात ड्यूटी, म्हणून ठोक्याच गेला, नखांत ग्रीस घेऊन.

बाई साठीच्या, उंच, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "रोज वीस मिनिटं सराव. त्या वीस मिनिटांत घरातल्या एका मोठ्या माणसाने तिच्याजवळ बसायचं. शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. फक्त बसायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं," ठोक्या म्हणाला. "आणि कानाचं म्हणाल तर कानावरच पोट आहे माझं."

"कान नकोय मला तुमचा," बाई म्हणाल्या. "बसणं हवंय."

हे त्याने ऐकलं, पण घेतलं नाही. घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे पत्रा वाकवून वह्या ठेवायला झकास स्टँड बनवला. मुंगीच्या हनुवटीखाली रुतायचं म्हणून सीटच्या फोमचा तुकडा कापून व्हायोलिनला बांधला. रोज संध्याकाळी सहाला तो साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन खुर्चीत बसायचा, डावा कान तिच्याकडे करून. ती उभी राहून तारांवरून गज ओढायची. पहिला महिना नुसता दार करकरल्यासारखा आवाज, पण गडी खूश. गॅरेजमध्ये सांगायचा, "आमची मुंगी तार वाजवते." पेंटर म्हणाला, "तुझी पोरगी आणि वाजवते? मला वाटलं तू वाजवतोस." ठोक्याने त्याचं तोंड रंगाच्या डब्यात बुडवलं, पण हसत हसत, म्हणून ते भांडण धरत नाहीत.

जाड तारा सरल्या आणि पोरगी सगळ्यात बारीक, चौथ्या तारेवर आली. तिथे बिनसलं.

"उतरलाय," ठोक्या म्हणाला.

मुंगीने परत वाजवलं.

"उतरलाय म्हणतो ना. वर घे."

"बाईंनी असंच लावून दिलंय, बाबा."

"इकडे आण." त्याने व्हायोलिन घेतलं, बारीक तारेची खुंटी धरली आणि पिळली. पत्रे पिळणारा हात तो. मुंगी म्हणाली, "बाबा, नको." त्याने अजून पिळली. तार तुटली आणि सपकन मुंगीच्या गालावर बसली. डोळ्याखालपासून ओठापर्यंत लाल रेघ उठली, आणि त्या रेघेवर रक्ताचे बारीक थेंब आले. पोरगी रडली नाही. दोन्ही हात गालावर दाबून उभी राहिली.

आठला बायको आली. रोजच्यासारखं तिने मुंगीला दिव्याखाली उभं करून तोंड, दंड, पाठ बघितली. गेली पाच वर्षं ती हे करत होती, आणि ठोक्या दुसरीकडे बघत होता. "गालाला काय झालं?"

"तार तुटली," मुंगी म्हणाली.

"बाबांनी मारलं?"

"नाही. तार तुटली."

खोटं काहीच नव्हतं त्यात. ठोक्याने जेवताना दोनदा भात मागून घेतला.

बाईंनी नवी तार लावली आणि वहीत लिहून पाठवलं, खुंट्यांना घरी कोणीही हात लावू नये. ठीक, नाही लावत. पण मुंगी बोट ठेवायला लागली की पुन्हा तेच. बोट कुठे पडावं हे कळायला बाईंनी तारांखालच्या काळ्या लाकडावर बारीक पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मुंगी बरोबर पट्टीवर बोट ठेवायची, आणि ठोक्याच्या डाव्या कानात सूर उतरून यायचा. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चुकीचं काम त्याला उभ्या आयुष्यात सहन झालं नव्हतं. पट्टीच चुकीची आहे, असं त्याने ठरवलं. गॅरेजमधून पेंटरची चिकटपट्टी आणली, ब्लेडने दोऱ्याएवढी कापली, बारीक तारेखालच्या पिवळ्या पट्ट्या खरवडून काढल्या आणि कानाने माप घेत घेत नव्या लावल्या, जरा जरा वर. मुंगीने तिथे बोट ठेवलं. "हां," ठोक्या म्हणाला. "आता कसं?"

बुधवारी बाईंनी त्या काढून आपल्या लावून दिल्या. गुरुवारी सहाला ठोक्याने बघितलं.

"माझ्या पट्ट्या कोणी काढल्या?"

"बाईंनी."

"बाई कशाला काढतील? त्यांना काय कान नाहीत? तुला बोट लांब न्यायचा कंटाळा येतो, म्हणून तू काढल्यास."

"नाही, बाबा."

"खोटं बोलतेस."

"नाही."

पावाचा मोठा चौकोनी डबा टेबलावर होता, तिच्या कोपराशी. ठोक्याची मूठ त्यावर पडली. डबा मधोमध बसला, झाकण उडून भिंतीवर आपटलं, पाव जमिनीवर गेले. त्याने दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं. प्रत्येक ठोक्याला मुंगीचे डोळे मिटत होते आणि खांदे कानापर्यंत जात होते. डबा ओळखू येईना इतका चेपला. मग ठोक्या धापा टाकत म्हणाला, "कानाखाली आवाज काढला असता तुझ्या. काढला का? नाही काढला. माझ्या बापाने काढला असता. आता वाजव."

तिने वाजवलं. बाईंच्या पट्टीकडे न बघता बोट थोडं पुढे सरकवलं, बापाच्या चेहऱ्याकडे बघत. अजून थोडं. चेहरा सैल पडला तिथे थांबली.

"बघ," ठोक्या म्हणाला. "येतं ना? मग आधी काय धाड भरली होती?"

तो पावाचा डबा सरळ करायला त्याला पाऊण तास लागला. बायको यायच्या आत पाव पुसून आत गेले, झाकण बसलं. बायकोने डबा उघडला, दोन पाव काढले, बंद केला.

त्यानंतर दोन महिने घरात शांतता होती. मुंगी सहाला उभी राहायची, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत वीस मिनिटं वाजवायची, ठोक्या मान डोलवायचा. पट्ट्या बाईंच्याच होत्या, पण ठोक्याने पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. सूर बरोबर येत होता, मग कशाला बघतोय? आपल्या धाकामुळे पोरगी सुधारली असं त्याने बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "हल्ली ती झोपेत दचकते." ठोक्या म्हणाला, "वाढत्या वयात होतं तसं."

एका शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सहा मुलांचं वादन ठेवलं होतं. बायकोला सुट्टी मिळाली नाही. ठोक्या इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला. त्याच्या शेजारी एक चष्मेवाला गृहस्थ, त्याचीही मुलगी त्या सहांत. मुंगीचा नंबर चौथा. ती स्टेजवर आली, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि समोर बघितलं. समोर बाप, डावा कान पुढे करून बसलेला.

जाड तारांवरचं छान झालं. लोकांनी माना डोलावल्या. मग ती बारीक तारेवर आली आणि हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. एका बाईने ओठ चावला. मागे कोणीतरी हळूच "आई गं" म्हणालं. पियानोवर साथ करणाऱ्या व्हायोलिनच्या बाईंनी मान वर करून मुंगीकडे बघितलं, पण मुंगी त्यांच्याकडे बघतच नव्हती. आख्ख्या हॉलमध्ये एकट्या ठोक्याला ते सुरेल वाटत होतं. तो हसत होता, गुडघ्यावर बोटाने ठेका धरत होता. शेजारचा चष्मेवाला त्याच्याकडे वळला आणि सहज, काही वाईट मनात न ठेवता म्हणाला, "बिचारीला घरी कोणी ऐकून घेत नाही वाटतं."

पहिल्या ठोशात चष्मा गेला. दुसऱ्यात नाक. चष्मेवाला खुर्चीसकट मागे कोसळला आणि मागच्या दोघांना घेऊन पडला. ठोक्या खुर्च्या बाजूला फेकत त्याच्या छातीवर बसला आणि मारतच राहिला, एकाच जागी, गॅरेजमध्ये मारतो तसा, मोजून. बायका ओरडत होत्या. तिघांनी मिळून त्याला मागे खेचलं तेव्हा एकाचा दात त्याच्या कोपरावर उठला आणि त्याचा स्वतःचा ओठ फाटला. खाली पडलेल्या माणसाची मुलगी स्टेजवरून "पप्पा, पप्पा" करत होती. आणि मुंगी? मुंगी वाजवत होती. सगळा हॉल उभा राहिला, रक्त फरशीवर आलं, तरी बापाकडे बघत ती वाजवतच होती, कारण बाबांनी थांब म्हटलं नव्हतं.

मुख्याध्यापक पोलिसांना फोन लावत होते. बाई म्हणाल्या, "लावा जरूर. तोवर हा माणूस माझ्याजवळ द्या." त्यांनी ठोक्याच्या दंडाला धरलं आणि मुंगीसकट त्याला शेजारच्या संगीताच्या खोलीत नेलं. साठीची बाई आणि असा रेडा, पण तो गेला. खोलीत एक पियानो आणि चार स्टुलं. शर्टावर रक्त, थोडं त्याचं, बरंचसं दुसऱ्याचं.

"तिला उत्तम वाजवता येतं," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर ती एकदाही चुकत नाही. आज चुकली नाही, तिने मुद्दाम तसं वाजवलं. का ते मला कळत नव्हतं. आज ती कोणाकडे बघत होती ते पाहिलं."

"तिने बरोबर वाजवलं," ठोक्या म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचे कान..."

"मुंगी, माझ्यासमोर वाजवतेस तसं वाजव."

मुंगीने बापाकडे बघितलं. बाईंनी तिच्यापुढे उभं राहून तो दिसेनासा केला. तिने बारीक तारेवर पट्टीवर बोट ठेवून गज ओढला.

"उतरलाय," ठोक्या म्हणाला.

"सारखा डावाच कान पुढे करता, तो दाबा," बाई म्हणाल्या. "तळव्याने, घट्ट. परत, मुंगी."

त्याने दाबला. बाईंनी पियानोवर तोच सूर वाजवला, मुंगीने गज ओढला, आणि दोन्ही सूर एकावर एक बसले. मध्ये कागद जाईल एवढीही फट नव्हती. त्याने तळवा काढला, सूर उतरला. पुन्हा दाबला, बसला. चार वेळा केलं त्याने तसं. पोरीचं बोट जागचं हललं नव्हतं.

"कधी मार लागलाय ह्या कानाला?" बाईंनी विचारलं.

 ठोक्याला तेलकट फडक्याचा वास आला. पत्र्याच्या जाड आवाजाला तो कान चालत होता म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं; वरच्या बारीक सुरांना तो कधीचाच गेला होता. उघडला बघ तुझा कान. म्हणजे अप्पाने कान फोडला, आणि त्या फुटक्या कानाने आपण पोरीच्या चुका काढल्या. त्याला वाटलं, अप्पाला उकरून बाहेर काढावं आणि मरेस्तोवर मारावं. मूठ वळली. पियानोचं झाकण समोर होतं. मुंगीचे खांदे कानापर्यंत गेले. ते त्याने बघितलं, आणि मूठ खिशात घातली. तेवढ्यात पोलीस आले.

चष्मेवाल्याने तक्रार दिली, आणि का देऊ नये? ठोक्याला चौकीत नेलं, लिहून घेतलं, सोमवारी हजर राहायला सांगून सोडलं. शाळेने आवारात पाऊल ठेवायला बंदी केली. साडेसातला तो घरी आला. शेजारणीने मुंगीला आणून सोडलं होतं. तो तिच्यासमोर बसला. त्याने विचारलं, "कधीपासून वाजवतेस तसं?"

"पावाचा डबा झाला त्या दिवसापासून."

आठला बायको आली. तिला जिन्यातच सगळं कळलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुंगीला दिव्याखाली उभं केलं, बाह्या वर केल्या, पाठ बघितली, केस बाजूला करून कानांमागे बघितलं. "तुला हात लावला बाबांनी?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"आज नाही, की कधीच नाही?"

"कधीच नाही."

ठोक्याने श्वास सोडला. खरंच होतं ते. पाच वर्षं शब्द पाळला होता त्याने, पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

मग मुंगी उठली, कपाटापाशी गेली आणि डोळे मिटले. बोटाच्या पेराने ती टकटक करू लागली, त्याने शिकवलं होतं तशीच, वरून खाली. टक, टक, टक, आणि एका जागी आवाज बसला. "इथे," ती म्हणाली. "दूध सांडलं तेव्हा." पुढे सरकली. "इथे. मी बूट हरवला तेव्हा." दुसरं दार. "इथे दोनदा." डोळे मिटूनच, भिंत चाचपत ती फ्रिजकडे गेली. "इथे." मग टेबलाकडे, आणि डब्यावर टकटक करायला लागली, ती थांबेचना, कारण त्या डब्यावर मोकळा आवाज देणारी जागाच उरली नव्हती.

बायकोने कपाटाला कधी कान लावला नव्हता. आता ती गेली आणि मुंगीने दाखवलेल्या जागी स्वतः वाजवून बघितलं, मग शेजारी. फरक कोणालाही कळला असता. पाच वर्षं ती रोज त्याच दारामागे पर्स ठेवत होती.

ठोक्या उभा राहिला. त्याला बोलायचं होतं की हात लावला नाही, पत्र्याला मारलं, पत्र्यालाच मारलं फक्त. पण मुंगीचे डोळे अजून मिटलेले होते आणि तिची मान आखडलेली होती, थप्पड कुठून येणार ते दिसत नसलेल्या पोरासारखी. ती मान त्याच्या ओळखीची होती. तो तिथल्या तिथे खाली बसला.

"मागच्या वेळी मी गेले," बायको म्हणाली. "मोडका हात घेऊन मी गेले. आता का जाऊ? तू जा." उभ्या संसारात ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. "हातोडी घे तुझी आणि जा."

तो गेला. गॅरेजच्या मागच्या खोलीत पेंटरच्या शेजारी खाट टाकून राहतो. चष्मेवाल्याच्या प्रकरणात सहा आठवडे आत जाऊन आला. माणूस पार बदलला, असं कोणी समजू नये. गेल्याच महिन्यात त्याने पेंटरची गचांडी धरून त्याला भिंतीला लावलं होतं. फरक इतकाच की मग सोडलं, आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. पत्रा आता तो उजव्या कानाने तपासतो. सवय नाही, वेळ लागतो, मालक कुरकुरतो.

बायकोने लॉंड्रीत सकाळची ड्यूटी मागून घेतली. संध्याकाळी सहाला तीच खुर्चीत बसते. तिला सुरातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे ती नुसती बसते. त्या वेळी समोरच्या फुटपाथवर, बंद असलेल्या चपलांच्या दुकानाच्या पायरीशी, ठोक्या उभा असतो. वर जात नाही. कोपरापर्यंत धुतलेल्या हाताचा तळवा डाव्या कानावर घट्ट दाबून उभा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं ह्याचा कान दुखतोय. एका आजींनी तर त्याला औषध सांगितलं. वरून मुंगीची बारीक तार येते, बरोबर जागी. वीस मिनिटं झाली, व्हायोलिन बंद झालं, की तो तळवा काढतो आणि गॅरेजकडे चालायला लागतो.